कारभाराला कला म्हणू नका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं झालं, ते निमित्त होतंच. पण खरं सांगायचं तर जे लिहायचं ते लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. वाद घरातल्या माणसाशी झालेला आहे. आणि इथे येऊन वाचणाऱ्यांत माझे लेखनमित्र आहेत तसेच नातेवाईकही आहेत, भाचेसुना आहेत, आणि ज्याच्याशी वाद झाला तो भाचाही आहे. त्याला आधीच सांगितलं, "तुझं नाव घालणार नाही, पण सोडणारही नाही." तो म्हणाला, "आत्या, लिही. मीही वाचेन." तेव्हा हे त्याच्या परवानगीने.

झालं असं. यंदा चैत्रात माझ्या माहेरच्या गावची यात्रा होती. माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पश्चिमेला. सासर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. यात्रेला मुंबईची सगळी मंडळी गावी येतात. आमच्याकडे 'मुंबईची मंडळी' म्हणजे बरेचसे डबेवाले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं डबे वाहायला मुंबईला गेली, आणि वर्षातून एकदा चैत्रात, गावोगावच्या यात्रांसाठी, पाच-सहा दिवस सगळ्यांनी एकदम सुट्टी घ्यायची हा त्यांचा रिवाज. मुंबईच्या साहेबांना त्या दिवसांत बाहेरचं खावं लागतं. (आमच्या देवाचा तेवढा दरारा आहे!)

पालखी झाली, घाटात बैलगाडे पळाले, आणि रात्री तमाशा उभा राहायच्या आधी त्याच स्टेजवर सत्कार झाले. त्यात माझ्या भाच्याचा सत्कार. भाचा पुण्याला एमबीए झाला, नोकरी सोडून गावाकडे आला, आणि आता टोमॅटो, फ्लॉवर, मिरची असा भाजीपाला गोळा करून, निवडून, पेट्या भरून पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांना पाठवतो. कष्टाळू आहे, व्यसन नाही, गावातल्या पोरांना काम दिलं. सत्कार व्हावा असंच त्याचं काम. मला अभिमान वाटत होता, वरच्या फीसाठी मी घातलेले पैसे सार्थकी लागले असं मनात म्हणत होते. (हे तुला आत्ताच कळत असेल तर कळू दे.)

मग तो बोलायला उभा राहिला. म्हणाला, धंदा उत्तम चालवणं हीच आजच्या काळातली सर्वात मोठी कला आहे. अमेरिकेतला अँडी वॉरहॉल नावाचा मोठा चित्रकारसुद्धा तसं लिहून गेलाय. आणि शेवटी म्हणाला, "ही कला माझ्या रक्तात आहे. माझे आजोबा डबेवाले होते. जगाने डोक्यावर घेतलेल्या व्यवस्थापनाचे ते कलावंत होते."

टाळ्या पडल्या. मी मात्र खुर्चीत अवघडले. त्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा कलावंत नव्हते हो. आणि त्यांना कलावंत म्हटलेलं त्यांना स्वतःला चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम चालू असताना मी त्याला ओट्यावर गाठलं आणि हे सांगितलं. तो चिडला. म्हणाला, "आत्या, तुम्हा मास्तरलोकांना धंदा म्हणजे कायम हलकाच वाटत आला. कवितेची एक ओळ लिहिली की तो कलावंत, आणि चाळीस घरं जगवली की तो व्यापारी!"

आता, ह्यात तथ्य आहे, ते आधी कबूल करते. आम्ही मराठी शिकवणाऱ्यांनी धंद्याची फार हेटाळणी केली. आमच्या तोंडचे शब्दच पाहा. एखादं नाटक वाईट असलं की 'धंदेवाईक'. पुस्तक उथळ असलं की 'बाजारू'. कुणी शिकवणीला फी जास्त घेतली की 'दुकानदारी'. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी, असं मुलांना शिकवायचं, आणि स्वतः कनिष्ठावर बसून मध्यमाला नाक मुरडायचं! माझ्या वर्गात एक मुलगा होता, निबंधात दोन ओळी धड लिहीत नसे. पण सहलीचा खर्च डोक्यातल्या डोक्यात मांडून दाखवी. मी त्याला म्हणाले होते, "तुला नुसता हिशेबच जमतो." ह्या 'नुसता'ची लाज मला आजही वाटते.

तेव्हा धंद्याला कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. भांडण आहे ते 'कला' ह्या शब्दाशी. तो शब्द धंद्याला लावला की धंद्याची प्रतिष्ठा वाढत नाही, उलट त्याचा कणाच मोडतो असं माझं म्हणणं आहे. कसं ते सांगते.

दादांपासून सुरुवात करू. डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं असं सांगतात. दादा स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईला गेले. चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या डब्यांची वाट विलेपार्ल्याहून चर्चगेटकडे. सकाळी घरोघर फिरून डबे गोळा करायचे, स्टेशनवर आणायचे, तिथे सगळ्यांचे डबे एकत्र करून उतरण्याच्या ठिकाणाप्रमाणे लावायचे, लाकडी क्रेट डोक्यावर घेऊन लोकलच्या सामानाच्या डब्यात चढायचं, पलीकडे पुन्हा वाटणी, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत साहेबाच्या टेबलावर डबा. मग रिकामा डबा उलट्या वाटेने घरी. भरलेला क्रेट साठ-पासष्ट किलोपर्यंत जायचा. झाकणावर रंगाने खुणा: डबा कुठल्या भागातून निघाला, कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. पत्ता असा नाहीच. एकेक डबा चार-सहा हातांतून जायचा आणि त्या सगळ्या हातांनी ती खूण एकाच अर्थाने वाचायची.

पुढे ह्याचं जगाला कौतुक झालं. १९९८ मध्ये 'फोर्ब्स' मासिकात लेख आला. २००३ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटले. २०१० मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यांच्यावर अभ्यास लिहिला. सगळीकडे 'सहा सिग्मा'चा गजर झाला. गंमत म्हणजे, ज्या पत्रकाराने 'फोर्ब्स'मधला लेख लिहिला त्यानेच नंतर सांगितलं की तो शब्द त्याने लेखात वापरलाच नव्हता. चुका किती होतात असं त्याने विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं होतं की जवळपास नाहीच, दोन महिन्यांत एखादी. बाकीचं गणित आणि आरत्या लोकांनी केल्या.

आता मला सांगा, दादांच्या त्या कामात कला कुठे होती? कला म्हणजे काय हे मी तीस-बत्तीस वर्षं शिकवलं, थोडंफार कळतं. गाणारा तीच बंदिश रोज गातो पण रोज नवी जागा घेतो, आणि त्या नव्या जागेसाठी आपण जातो. दादांनी रोज नवी जागा घेतली असती तर नरिमन पॉइंटच्या साहेबाचा डबा माटुंग्याला गेला असता! त्यांचं मोठेपण कालच्यासारखंच आज करण्यात होतं, आणि उद्याही तसंच करण्यात होतं. कला ही कुणीतरी थांबून पाहावी म्हणून असते. दादांचं काम कुणाच्या लक्षातही येऊ नये ह्यातच त्याचं यश. डबा वेळेवर आला की साहेब झाकण उघडून जेवायला लागतो, तो डबेवाल्याचा विचार करत नाही.

स्टेशनवर डबे लावताना पाहणं सुंदर असे, हे मान्य. मी लहानपणी एकदा पाहिलंय. पन्नास हात हलतायत, कुणी बोलत नाही, आणि पाहता पाहता गाडी यायच्या आत ढिगाचे सरळ गट झालेले. डोळे निवतात. पण पाभरीने धरलेल्या सरळ ओळीही सुंदर दिसतात, म्हणून कुणी पेरणीला कला म्हणून टाळ्या वाजवत नाही. पीक येतं की नाही ते पाहतात.

भाचा म्हणेल, आत्याने सोपं उदाहरण घेतलं. म्हणून आता अवघड घेते. आमच्या नारायणगावचंच.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचं नाव. गावोगावचे यात्रेचे पंच येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते, विसार दिला जातो. दसऱ्याला बाहेर पडलेला फड पावसाच्या तोंडाशी परततो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं: नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाले, सोंगाडे, तंबूवाले, आचारी, ड्रायव्हर. रोज नवं गाव. चैत्र पौर्णिमेला एकाच तारखेसाठी दहा गावं मागे लागतात, आणि पुढच्या आठवड्यात तीन दिवस कोरडे. कुठल्या गावाहून कुठे किती तासांत पोचता येईल, डिझेल किती, कुणाचं पोर आजारी, कुणाची उचल किती फिटली, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एका वहीत.

अशा एका फडाच्या मॅनेजरचा मुलगा १९८० नंतरच्या काही वर्षांत माझ्या वर्गात होता. आषाढात यायचा, दसऱ्याला गायब. एकदा त्याचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा मी उत्सुकतेने विचारलं, "तुम्ही फडात काय करता? गाता की वाजवता?" ते हसले. म्हणाले, "बाई, मी काहीच करत नाही. मी नसलो की कळतं."

इथे, एकाच तंबूत, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या आहेत. पडद्याच्या पुढे गण, गौळण, बतावणी, वग. पडद्यामागे वही. भाच्याचं म्हणणं खरं असेल तर ह्या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी. तसं असेल का?

विठाबाईंचं पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. भाऊ-बापूंचा फड हा त्यांच्या वडिलांचा आणि चुलत्यांचा. त्या फडात वाढल्या आणि पुढे तमाशासम्राज्ञी झाल्या, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. नऊ महिने भरलेल्या असताना नाचायला उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. ह्याच विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

पैसा राहिला नाही म्हणून विठाबाईंच्या कलेतलं काही वजा झालं का? कुणाची तसं म्हणायची छाती आहे? आणि उलट, वही चोख असलेले, कर्ज नसलेले, पण एक लावणी लक्षात राहणार नाही असेही फड ह्याच रस्त्यावर लागून गेले. कला आणि कारभार एकच असते तर असं झालं नसतं. एक मोजायचं माप दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणजे त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि मुख्य फरक पुढेच आहे. कलावंताला पडायचा हक्क असतो. एखाद्या रात्री वग रंगला नाही, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तर लोकांची एक रात्र वाया गेली आणि नटाचं मन दुखावलं. दुसऱ्या गावी तो नवा प्रयोग करील. किंबहुना त्याने करावा, पडायला भिणारा कसला कलावंत! पण वहीवाला चुकला तर शंभर चुली थंड पडतात. नट स्वतःला पणाला लावतो. वहीवाला दुसऱ्यांना पणाला लावत असतो. म्हणून कलावंताला जी मोकळीक आपण आनंदाने देतो, ती कारभाऱ्याला द्यायची नसते. त्याला 'कलावंत' म्हटलं की नेमकी तीच मोकळीक आपण त्याच्या खिशात घालतो.

हे मी हवेत बोलत नाही. आता ते सांगायची वेळ आली.

ज्या संध्याकाळी सत्कार झाला, त्या संध्याकाळी मांडवात मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यातल्या सात-आठ जणी भाच्याच्या शेडवर टोमॅटो निवडायला जातात. दोघी माझ्या विद्यार्थिनी. भाषण संपल्यावर त्यातली एक माझ्याजवळ आली, पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, दादांना सांगाल का? फाल्गुनापासून पैसे नाहीत. पोरीची फी भरायचीय." ती ज्याला दादा म्हणते तो माझा भाचा.

ओट्यावर मी त्याला हेच विचारलं. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. म्हणाला, "आत्या, शेतकऱ्याला मला रोख द्यावं लागतं, नाहीतर उद्या माल येणार नाही. गाडीवाल्याला डिझेल रोख. दुकानवाले मला साठ दिवसांनी देतात, आणि ह्या वेळी तेही लांबलं. मधे भाव पडला. मग कुणीतरी थांबायला हवं ना? कुणाला किती थांबवायचं आणि तरी गाडा चालू ठेवायचा, हीच तर कला आहे!"

मला वाटतं, त्या एका वाक्यात आमचा सगळा वाद आहे. कुणाला थांबवायचं? जो थांबला तर बोंब मारील त्याला नाही, जो माल बंद करील त्याला नाही. जी बोलणार नाही तिला. ही कला नव्हे रे बाळा. हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तू चुकलास. पण एकदा त्याचं नाव 'कला' ठेवलं की चूक दिसतच नाही, उलट चातुर्य वाटतं. आपण त्या बायकांचे पैसे अडकवले असं तुला वाटलंच नाही. आपण गाडा चालवून दाखवला असं वाटलं. आणि त्याबद्दल शाल-श्रीफळ घेतलंस.

दादांच्या गटात काय होत असे ते सांगते. १९६७ च्या पावसाळ्यात दादांना विषमज्वर झाला, तीन आठवडे पडून होते. गटातल्या माणसांनी त्यांचे डबे आपापसांत वाटून घेतले, एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. महिनाअखेरीला आईच्या नावाने मनीऑर्डर आली ती पूर्ण हिश्शाची. पुढे दादांनी सांगितलं, त्या महिन्यात जास्त डबे वाहूनही प्रत्येकाने आपल्या हिश्शातले थोडे सोडले होते. एकट्याला थांबवलं नाही. सगळे थोडे थोडे थांबले. मुकादमही थांबला, तोही इतरांसारखाच डबे वाहायचा. हार्वर्डवाल्यांना रंगाच्या खुणा दिसल्या, गाड्यांचं वेळापत्रक दिसलं. ते सगळं खरंच आहे. पण चाळीस वर्षं ते टिकलं कशाने, असं तुम्ही मला विचाराल तर मी त्या मनीऑर्डरकडे बोट दाखवीन.

भाच्याने वॉरहॉलचं नाव घेतलं म्हणून त्याच्याबद्दल नातवाकडून शोधून घेतलं. १९७५ च्या एका पुस्तकात त्याने खरंच धंद्याला सर्वात चांगली कला म्हटलं आहे. पण तो स्वतः चित्रकार होता. स्वतःच्या चित्रशाळेला तो 'फॅक्टरी' म्हणायचा, तिथे मदतनीसांकरवी छाप काढून घ्यायचा, आणि कलेच्या पूजकांना खिजवायचा. कलावंताने स्वतःला व्यापारी म्हणवून घेणं ही थट्टा झाली. त्यात त्याने काहीतरी पणाला लावलं. व्यापाऱ्याने स्वतःला कलावंत म्हणवून घेण्यात त्याचं काय खर्च झालं? उलट हारच मिळाला.

कुणी जाणता वाचक मला चौसष्ट कलांची आठवण देईल. वात्स्यायनाच्या यादीत शय्या घालणं आहे, पोपटाला बोलायला शिकवणं आहे, कोंबड्यांची झुंज लावणंसुद्धा आहे. मग धंद्याने काय घोडं मारलं? बरोबर. कला म्हणजे नुसतं कसब असा अर्थ घेतला तर धंदा चालवणं ही जरूर कला. पण मग ती कोंबड्यांच्या झुंजीच्या पंगतीत बसते, आणि स्टेजवर भाच्याला तो मान नक्कीच नको होता. त्याला विठाबाईंच्या पंगतीतला हवा होता. आपल्या जुन्या लोकांनी व्यापाराची जागा वेगळी ठेवली होती. कौटिल्याने चार विद्या सांगितल्या: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यातली वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. म्हणजे व्यापार विद्येत बसला, तर्कशास्त्राच्या आणि राज्यकारभाराच्या शेजारी. ही काय कमी जागा झाली? विद्येत बरोबर आणि चूक असतं. विद्या तपासता येते.

आणि शेवटी आमच्या डोंगरातली गोष्ट. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा, मानमोडी अशी दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. नाणेघाटातून व्यापार चालायचा, त्या पैशातून ही उभी राहिली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा शिलालेख इथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. मी किती सहली नेल्या तिथे! लेख वाचून दाखवताना दर वेळी मनात यायचं, ज्याने पैसा दिला त्याचं नाव दगडात राहिलं, आणि ज्याने उन्हातान्हात छिन्नी चालवली त्याचं नाव गेलं. तो व्यापारी वाईट नव्हता. त्याने दान दिलं नसतं तर लेणं झालंच नसतं, आणि त्याने 'दिलं' एवढंच लिहिलं, 'कोरलं' असं नाही लिहिलं. कोरणाऱ्याकडे शेवटी एकच गोष्ट उरली, 'कलावंत' हा शब्द. आता तोही आपण उचलून पैसेवाल्याला देणार का?

मला माहीत आहे, धंदा चालवणाऱ्याची रात्र कशी जाते. २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. ऐन सुपाऱ्यांच्या दिवशी राहुट्या ओस. दोन-तीन दिवस आधीच मुंबईची लोकल थांबली होती, डबेवाले पिशव्या घेऊन गावाला आले, त्यातले पुष्कळ परत गेलेच नाहीत. फडमालक कर्जाच्या वह्या घेऊन बसले होते. एका वर्षात आमच्या दोन्ही तालुक्यांचे दोन्ही नावाजलेले धंदे आडवे झाले. त्या दिवसांत ज्याने आपल्या माणसांच्या घरी पीठ-मीठ पोचवलं त्याला मी मोठा मानते. कलावंत म्हणून नाही. कारभारी म्हणून.

हा शब्द आहे की आपल्याकडे. कारभार. शब्दाचं कूळ फारसी, 'कारोबार'चा हा भाऊ. पण मराठीने तो घेताना त्यात 'भार' ऐकला, आणि मला वाटतं फार शहाणपणाने ऐकला. गावातली बाई नवऱ्याला कारभारी म्हणते ते तो सुंदर काही करतो म्हणून नाही. घराचा भार त्याच्या डोक्यावर आहे असं ती त्याला आठवण करून देत असते. कलेची दाद देतात. कारभाराचा हिशेब मागतात. हिशेब मागण्यात अपमान नाही. कारभाऱ्याला मिळू शकणारा तो सर्वात मोठा मान आहे, कारण त्याचा अर्थ असा की आम्ही तुझ्या भरवशावर आहोत.

दादा १९८४ मध्ये कायमचे गावी आले. टोपी काढली की टाळूवर मधोमध घट्टा दिसायचा, क्रेटचा. शेवटपर्यंत गेला नाही. आम्ही मुली त्याला तेल लावायचो. ते म्हणायचे, "असू दे, दुखत नाही आता."

असो. भाच्याने त्या बायकांचे पैसे दिले का, हे तुम्ही विचारालच. अक्षय तृतीयेच्या आधी अर्धे दिले. राहिलेले ज्येष्ठात देतो म्हणाला आहे. माझा भाऊ मात्र माझ्याशी महिनाभर बोललेला नाही, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी पोराला चार माणसांत बोलले म्हणून. त्याचं दुःख आहे मला. पण बोलले त्याचं नाही.

पुढच्या चैत्रात यात्रा आहेच. तोवर शेडवर एकीचाही पैसा राहिलेला नसेल, तर पंचांना सांगून मीच शाल घालीन त्याला, आणि माइकवर म्हणीन, हा आमच्या दादांचा नातू, चोख कारभारी. ह्याहून मोठा शब्द माझ्याजवळ नाही, आणि बत्तीस वर्षं मराठी शिकवून मला बरेच शब्द माहीत आहेत.